मिस्त्रींचा कान

माझ्या पहिल्या दवाखान्याच्या घरमालकांचा मी बारा वर्षं हेवा केला. ते सातवीपर्यंत शिकलेले, मी एमबीबीएस. ते ऑइल इंजिनच्या कारखान्यातून रिटायर झालेले फिटर, आणि माझ्याकडे नवाकोरा स्टेथोस्कोप, भिंतीवर फ्रेम केलेली पदवी आणि नवऱ्यानं हौसेनं रंगवून आणलेला बोर्ड. तरीही सकाळी नऊ ते अकरा माझ्या दारावरून जी माणसं पोट धरून जायची, ती आत वळायची नाहीत. शेजारचा जिना चढून वर मिस्त्रींकडे जायची. जाताना काहीजण मला नमस्कार घालायचे. त्या नमस्कारानं तर अंगाची आग व्हायची.

मिस्त्री वर एनिमा देत.

आता हे लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. मिरजेला शिकून, एका मोठ्या दवाखान्यात दोन वर्षं उमेदवारी करून मी कोल्हापुरात पेठेतल्या या गल्लीत माझी पाटी लावली होती. जागा चांगली होती. समोर म्हशींचं ताजं दूध मिळणारा दूधकट्टा, कोपऱ्यावर तालीम, मागे दोन शाळा. पोटदुखीला तर तोटा नव्हता, कारण रविवारी घरोघर मटण शिजायचं. पण गल्लीचा शिरस्ता ठरलेला होता. रविवारी मटण, सोमवारी मिस्त्री.

त्यांना नाव होतं, पण ते लाइटबिलावर. सगळे मिस्त्रीच म्हणायचे, त्यांची बायकोसुद्धा. उंच, वाळलेला माणूस. खाकी अर्धी चड्डी, बंडी आणि कानावर पेन्सिल. पेन्सिल डाव्या कानावर असायची, कारण उजवा कान कामाचा होता. कारखान्यात असताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती होती म्हणे. रिटायर झाल्यावर इंजिनं गेली, पण कानाची खोड राहिली. गल्लीतून रिक्षा गेली तरी मान न वळवता म्हणायचे, "टायमिंग गेलंय." माझ्या दवाखान्यातल्या पंख्याखाली एकदा उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ह्याचं बेअरिंग आठ दिसांत जातंय." नवव्या दिवशी पंखा बंद पडला. संध्याकाळी ते दारात येऊन सांगून गेले, "एक दिस चुकलो."

पोटालाही ते कान लावायचे. आलेल्या माणसाला आधी सतरंजीवर उताणं निजवायचं, पोटावर घडी घातलेला पंचा ठेवायचा आणि त्यावर उजवा कान टेकवून डोळे मिटायचे. आतली गुडगुड ऐकून मग ठरवायचे. बाईमाणूस असेल तर हे सगळं आत त्यांच्या बायको, म्हणजे काकू, करायच्या, आणि मिस्त्री पडद्याबाहेर स्टुलावर बसून ओरडून विचारायचे, "आवाज कसला येतोय? डबक्यातला का वढ्यातला?"

एकदा भाड्याच्या करारावर सही घ्यायला वर गेले तेव्हा ती खोली मी नीट पाहिली. भिंतीला एक लोखंडी पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर फुटपट्टीसारख्या खुणा, दर दोन बोटांवर भोक, आणि त्या भोकांत सरकवता येणाऱ्या हुकावर स्टीलचा डबा. डब्याच्या बुडाला त्यांनी स्वतः लेथवर काढलेला पितळी कॉक, पुढे रबरी नळी. डबा किती उंच टांगायचा हे वयाप्रमाणे ठरलेलं.

"डबा वर गेला की प्रेशर वाढतंय," त्यांनी मला समजावलं. "आतडं म्हंजे काय लोखंडी जीआय पाइप न्हवं."

नळीच्या टोकाची तोटी ज्याची त्यानं आणायची, वापरली की घरी नेऊन उकळायची आणि पिशवीत घालून परत आणून ठेवायची. "दुसऱ्याचा ब्रश वापरतोस व्हय? मग?" असं ते नव्या माणसाला विचारायचे. पाणी कोमट, त्यात मोजून मीठ, आणि सोडण्याआधी दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर. ताप असेल, उलटी झाली असेल, बाई पोटुशी असेल, पोर लहान असेल, तर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "हे माझं काम न्हवं." कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. नारळसुद्धा परत करायचे.

भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला ज्याच्या त्याच्या तोटीची कापडी पिशवी. पिशवीला पत्र्याची टिकली, तिच्यावर लोखंडी ठशांनी ठोकलेली नावं. मी सहज वाचत गेले. थोरले आबा. दूधवाल्या मावशी. तालमीचे वस्ताद. आणि खालच्या रांगेत, अक्षरं दाटीवाटीनं बसवून: डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई.

आम्ही राहायला कळंब्याकडे होतो. सासूबाई दर सोमवारी सिटी बसनं पेठेत यायच्या, भाजी ताजी मिळते म्हणून. घरी गेल्यावर मी त्यांना विचारलं.

"अगं, तू गोळ्या देतीस," त्या शांतपणे म्हणाल्या. "मिस्त्री ऐकून घेतात."

त्या रात्री मी जेवले नाही. नवरा म्हणाला, त्यात काय एवढं? त्याला काय कळणार. तो बँकेत होता. त्याच्या काउंटरवरून कुणी शेजारच्या जिन्यानं वर जात नव्हतं.

मग मी लढाई सुरू केली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घरी एनिमा घेण्याचे धोके'. खाली सगळं नीट मांडलं. आतड्याला इजा होऊ शकते, क्वचित भोकही पडतं. गरम पाण्यानं आतून भाजतं. वारंवार घेतल्यानं अंगातले क्षार वाहून जातात. सवय लागते आणि आतडं आपलं काम विसरतं. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्रास होतो. आणि पोटात दुसरंच दुखणं असेल तर ते झाकलं जाऊन जिवावर बेततं. यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटी होती ती फक्त पुठ्ठा लावायची जागा. तो मी पेशंट बसतात तिथे न लावता बाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीसमोर लावला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री खाली उतरले, चष्मा लावला आणि पुठ्ठा दोनदा वाचला. मी आतून बघत होते. मला वाटलं, आता भांडण. मला भांडण हवंच होतं.

"बाई, मजकूर बरोबर हाय," ते म्हणाले. "पण एक राहिलंय. साबण."

"म्हणजे?"

मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. वीस-बावीस वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचं पोट फुगलं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी धुण्याच्या साबणाचं पाणी दिलं, तेही पिचकारीनं, जोर लावून. वडिलांना रक्त पडायला लागलं. दवाखान्यात नेलं तर तिथल्या एका वयस्क नर्सबाईंनी व्हरांड्यात सगळ्यांदेखत त्यांना झापलं आणि मग त्याच बाईंनी समोर उभं करून शिकवलं, काय करायचं आणि काय नाही. वडील वाचले, पण पुढे वर्षभर आतड्याची आग घेऊनच जगले.

"तवापास्नं मी कुणाला न इचारता हात लावत न्हाय," मिस्त्री म्हणाले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या लाल अक्षरांखाली लिहिलं, 'साबणाचे पाणी कधीही घेऊ नये.'

"आणि हे सवयीचं?" मी मुद्दाम विचारलं. ते स्वतः रोज पहाटे घेतात हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"सवय म्हंजे काय, रोज आंघोळ करतोच की आपण," असं म्हणून ते वर गेले.

आठवड्याभरात गल्लीत सगळीकडे झालं की मिस्त्रींनी जिन्यापाशी चांगली सूचना लावली आहे. दूधवाल्या मावशींनी मला सांगितलं, "बाई, तुमीबी वाचा हां. लई उपेगाचं लिवलंय त्यांनी."

मी वाट बघत होते. डॉक्टरनं असं लिहू नये, पण लिहिते. त्यांच्या हातून काहीतरी चुकावं याची मी वाट बघत होते. एका सोमवारी वरून काकूंची हाक आली तेव्हा मी जिना जवळजवळ पळत चढले. एक म्हातारी सतरंजीवर घेरी येऊन पडली होती. नाडी लागत होती, बीपी खाली गेलं होतं. पाय उंच केले, थोड्या वेळानं साखर-मिठाचं पाणी पाजलं, म्हातारी उठून बसली. जमलेल्या आठ-दहा जणांकडे वळून मी तोंड उघडणार, एवढ्यात मिस्त्रीच म्हणाले, "चूक माझी. म्हातारी कालधरनं उपाशी हुती. मी इचारलंच न्हाय." आणि म्हातारीच्या पायाला हात लावला.

माझं भाषण तोंडातच राहिलं. खाली येताना मागे कुणीतरी म्हणत होतं, "माणूस बघा कसा हाय. कोण कबूल करतंय आजकाल?"

या माणसाला हरवायचं तरी कुठून, हेच कळत नव्हतं.

आणि मग तो भेळवाल्याचा दिवस आला. रंकाळ्यावर गाडी लावणारा, चौतीस-पस्तिशीचा, तगडा माणूस. सकाळी मिस्त्री त्याला दंडाला धरून जिना उतरले आणि पहिल्यांदाच माझ्या दवाखान्यात शिरले. बाकावर तीन-चार पेशंट होते, त्यांत दूधवाल्या मावशीही होत्या.

"बाई, ह्याच्या पोटात आवाज न्हाय," मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाले. "दोन दिस झालं पोट साफ न्हाय म्हणून आलता. पहाटं उलटी झाल्या. कान लावला तर बंद इंजिनागत. मी हात लावत न्हाय, तुमी बघा."

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. त्यांनी पाठवलेला पहिला पेशंट. पण बाकावर मावशी शेजारणीला सांगत होत्या, "मिस्त्रींनी तपासून धाडलाय बघ बाईंकडं." जणू ते मोठे डॉक्टर आणि मी त्यांची शिकाऊ.

भेळवाल्याला मी पडद्याआड घेतलं. तो गुडघे पोटाशी घेऊन पडला. शर्ट वर केला न केला, मी हात ठेवला. पोट कडक लागलं. घाबरलाय म्हणून आवळतोय, असं मी स्वतःला सांगितलं. स्टेथोस्कोप टेकवला, पण माझे कान बाहेर होते. मावशी अजून बोलतच होत्या. दुखतंय कुठं विचारलं तर म्हणाला, काल उजवीकडं लई दुखत हुतं, सकाळधरनं जरा कमी हाय, पण आता समदीकडं हाय. हे वाक्य कुठल्याही विद्यार्थ्याला खडबडून जागं करील. मला केलं नाही.

"काही नाही," मी बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मळ साचलाय. एनिमा देऊ." आणि मेडिकलमधून तयार एनिमाचा पाऊच मागवला.

का, ते मला तेव्हाही माहीत होतं. मिस्त्रींनी ज्याला हात लावला नाही, त्याला त्यांच्याच हत्यारानं बरं करून दाखवायचं होतं.

पाऊच आला तो दारात उभ्या असलेल्या मिस्त्रींच्या हातात. तो घेऊन ते पडद्याआड आले. त्यांचा आवाज एरवी समोरच्या घरात ऐकू जायचा. त्या दिवशी ते इतकं हळू बोलले की मला वाकावं लागलं.

"बाई, एकडाव परत ऐका. मिनिटभर."

"मिस्त्री, इथं डॉक्टर कोण आहे?"

"तुमीच हायसा. म्हणून तर खाली आणला."

"मग द्या तो पाऊच."

"न्हाय देत." आणि त्यांनी तो चड्डीच्या खिशात घातला.

मला संताप आला. त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच मी पुन्हा स्टेथोस्कोप कानाला लावला, घड्याळ समोर धरलं आणि पोटावर टेकवला. पंधरा सेकंद. तीस. माणसाच्या पोटात सतत काहीतरी चाललेलं असतं, चुळचुळ, गुडगुड, झोपेतसुद्धा. मिनिट पूर्ण झालं. जागा बदलून आणखी एक मिनिट ऐकलं. काही नाही. खूप लांबून त्याच्या छातीचे ठोके येत होते, भराभर. मी उजव्या बाजूला हळूच दाबून एकदम हात उचलला, तसा तो ओरडला. बाहेरच्या मावशी गप्प झाल्या.

 अपेंडिक्स फुटलं होतं. अशा पोटात मी जोरानं द्रव सोडणार होते.

 मिस्त्रींनी रिक्षा बोलावली. मी मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनना चिठ्ठी लिहिली, अक्षर माझं मलाच ओळखू येईना. भेळवाल्याला मांडीवर टेकवून मिस्त्री रिक्षात बसले आणि गेले.

दुपारनंतर सर्जनचा फोन आला. "ऑपरेशन झालं. पोटभर पू होता. तुम्ही वेळेवर ओळखलंत हो. नाहीतर असल्या पोटाला घरी कुणीतरी एनिमा देतं आणि मग आमच्याकडे आणतात."

"हो," मी म्हणाले. एवढंच.

मिस्त्री परत आले आणि गल्लीला सांगितलं, "बाईंनी वळखलं. न्हाईतर गेला हुता." वर जाऊन त्यांचे आभार मानायला हवे होते. मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना गेला, आणि मग जाणं अवघड होऊन बसलं. दवाखाना मात्र चालायला लागला. भेळवाला बरा होऊन बायकोला घेऊन आला, पाया पडला, चारचौघांत म्हणाला, "बाईंनी जीव वाचिवला." पुढे दर शनिवारी त्याच्या गाडीवरून भेळेचा पुडा यायचा. मी तो घ्यायचे. खायचेसुद्धा. लोक माझं कौतुक करायचे आणि मी मान हलवायचे. ज्याचं देणं लागतो त्या माणसाचा राग कसा येतो, हे मला त्या वर्षांत कळलं. आधी मी फक्त त्यांच्याकडच्या गर्दीचा हेवा करत होते. आता मी त्यांच्या गप्प राहण्याचाही हेवा करायला लागले. मला ते जमलं नसतं.

दोन हजार साल उलटल्यावर काकू गेल्या. बायकांचं येणं बंद झालं, पुरुषही कमी झाले. मिस्त्री कुठल्याशा शिबिराला हातकणंगल्याकडे जाऊन आले. तिथे कुणी त्यांच्या डोक्यात भरवलं की दिवसातून दोनदा, भरपूर पाणी घेतलं तर अंगातलं सगळं विष निघून जातं. बोटा-बोटानं डबा खाली-वर करणारा, पाणी मोजून घेणारा माणूस, पण स्वतःच्या बाबतीत त्यानं माप सोडलं.

एकदा दारात मी त्यांना म्हटलं, "मिस्त्री, रोज घेऊ नका. आणि एवढं तर नकोच."

"ती गेल्यापास्नं आत कायतरी साठतंय असं वाटतंय, बाई," ते म्हणाले. "कितीबी धुतलं तरी."

तेव्हा मी त्यांना धरून बसवायला हवं होतं. मी म्हटलं, "बघा बुवा," आणि आत गेले.

पुढचे चार महिने मी बघत होते. जिना उतरताना त्यांच्या पोटरीत गोळा यायचा आणि ते कठडा धरून थांबायचे. पेन्सिल धरलेला हात कापायचा. वजन उतरलं. अंगातले क्षार चाललेत हे कळायला मला रक्ताचा रिपोर्ट नको होता, ते मीच पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलं होतं. आणि मी गप्प राहिले. विसरले नाही, कामातही नव्हते. त्यांना एकदा, एकदाच, पुरतं चुकलेलं बघायचं होतं मला. त्यांनी खाली यावं आणि म्हणावं, बाई, तुमचं बरोबर होतं.

ते खाली आले नाहीत. भर दुपारी वरच्या गच्चीवर कोसळले. शेजाऱ्यांनी हाक मारली. नाडी हाताला लागली, पण चुकत होती. दोन ठोके, मग थांबायची, मग तीन भराभर. या वेळी रिक्षात मी बसले होते, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. दवाखान्यात पोटॅशियम इतकं खाली निघालं की तिथला तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, हे तुमच्याच इमारतीत राहतात ना?"

तिसऱ्या दिवशी त्यांना बोलता येऊ लागलं. सलाइन चालू होतं. मी स्टूल ओढून बसले आणि सांगून टाकलं.

"मिस्त्री, मला चार महिने दिसत होतं. मी बोलले नाही."

"म्हायती हाय," ते म्हणाले. "तुमी माझ्या पायाकडं बघायच्या आणि मग कायतरी कागद चाळत बसायच्या."

"मग तुम्ही तरी का आला नाहीत खाली?"

ते छताकडे बघून म्हणाले, "लाज वाटली. जगाची पोटं ऐकली. पण आपला कान आपल्या पोटाला पोचत न्हाय की हो."

आम्ही दोघंही हसलो. मी जास्त हसले, कारण नाहीतर रडले असते.

घरी आल्यावर त्यांची ती तीस वर्षांची सवय सोडवायला तीन महिने लागले. एकदम बंद करून चालत नव्हतं, आतडं खरंच आपलं काम विसरलं होतं. दोनाचं एक, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. कोंडा न काढलेल्या पिठाची भाकरी, पालेभाजी, पाणी, सकाळी रंकाळ्यापर्यंत चालणं आणि चहानंतर ठरलेल्या वेळी शांत बसणं. मी रोज दवाखाना उघडण्याआधी जिना चढून वर जायचे. ते चिडायचे, शिव्या घालायचे, एकदा म्हणाले, "तुमच्या औषधापरास तो डबा बरा." पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी गच्चीत येऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बाई! झालं! आपोआप!" दूधकट्ट्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर त्यांनी लोकांना एनिमा देणं थांबवलं. कुणी आलं की कान तेवढा लावायचे आणि सांगायचे, "खाली जा." माझा दवाखाना भरून वाहू लागला. आणि प्रत्येक माणूस आत आल्या आल्या म्हणायचा, "मिस्त्रींनी धाडलंय." बरं झाल्यावर म्हणायचा, "मिस्त्रींनी बरोबर जागी धाडलं." मी गोळ्या द्यायचे, तपासण्या करायचे, आणि आतून जळायचे. एवढं सगळं होऊनसुद्धा. हेवा असा उपकारांनी जात नाही.

मिस्त्री पुढे तीन वर्षांनी गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. आम्ही खाली दवाखान्यातच सतरंजी अंथरली होती. भेळवाला आला, डोळे पुसत बसला. तिथे थोडा वेळ आम्ही दोघंच होतो. बारा वर्षं दाबून ठेवलेलं मी बोलायला सुरुवात केली.

"तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या दिवशी तुमचं दुखणं मी नाही ओळखलं. मी तर एनिमा देणार होते. मिस्त्रींनी..."

"म्हायती हाय की, बाई," तो म्हणाला. "मी तिथंच पडलो हुतो न्हवं? दुखत हुतं, पर शुद्धीत हुतो. समदं ऐकलं."

 तो पडद्याआड आमच्या दोघांच्या मध्ये पडला होता. हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मिस्त्रींचं मोठेपण आणि माझा अपमान, यापलीकडे त्या खोलीत कुणी तिसरा होता हेच मी विसरले होते.

"मग पाया पडलात ते? शनिवारची भेळ?"

"रिक्षात मिस्त्रींनी शपथ घातली. म्हणले, वाचलास तर बाईंचं नाव घ्यायचं. नवा दवाखाना हाय, पोरगी जिद्दीची हाय, एका चुकीनं तिचं नाव जायला नगं." त्यानं नाक पुसलं. "मी म्हटलं, मिस्त्री, ती बाई मला मारत हुती की. तर म्हणले, व्हय, पर तिनं परत कान लावला. रागात असून परत ऐकलं. असा डॉक्टर गल्लीला पायजे."

बाहेर लोक येत होते. कुणीतरी त्याला हाक मारली, तो उठून गेला.

मी तिथंच बसून राहिले. जे दुसरं ऐकणं मी त्यांना खोटं पाडण्यासाठी केलं होतं, त्यातसुद्धा त्यांना माझा चांगुलपणा ऐकू आला होता. आणि मरणाच्या दारातल्या एका माणसानं त्यांच्या शब्दाखातर बारा वर्षं तोंड उघडलं नव्हतं. मी कितीजणांना वाचवलं, पण माझ्या शब्दाला असं जपणारा एकही माणूस मला आठवेना. समोर त्यांचा हार घातलेला फोटो होता, आणि डोळ्यांत पाणी असतानाही मला त्यांचा हेवाच वाटत होता.